समुद्रापलीकडचे स्नेही

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भंडारदरा येथे भरलेल्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या या बैठकीसाठी जो विषय आम्हांकडे सोपविण्यात आला आहे, तो ऐकून कित्येकांस नवल वाटले असेल. महोत्सव म्हटला म्हणजे धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, दिवंगत धर्मगुरूंचे व धर्मशिक्षकांचे स्मरण करावे, परमेश्वराचे उपकार मानावेत, असा आपला रिवाज. आणि ते सर्व या सप्ताहात यथासांग होतच आहे. परंतु आपल्या तरुण मंडळीने अशी इच्छा दर्शविली की, भाषा व साहित्य यांच्या समान आवडीतून परदेशांतील लोकांशी पत्रद्वारे मैत्री कशी जोडावी, याविषयी आम्ही दोन शब्द सांगावेत. ही इच्छा आम्हांस फार आवडली. थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, हा विषय आपल्या इतिहासाबाहेरचा तर नाहीच, उलट त्याच्या अगदी मुळाशी आहे.

आपण जेथे बसलो आहोत ते स्थळच पाहा. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा येथे धरणाने अडविली आहे. १९१० साली या धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. येथून सुटलेले पाणी संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यापाशी दोन कालव्यांत वाटले जाते आणि राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांतील शेतांना पोहोचते. आपल्यापैकी काही कुटुंबे या डोंगरांतली आहेत, परंतु बहुतेक खालच्या कालव्याकाठची आहेत. त्यांतील कित्येकांनी हा जलाशय आज प्रथमच पाहिला. ज्या पाण्यावर आपल्या आजोबांनी ऊस व गहू पिकविला, ते पाणी कोठून येते हे न पाहताच त्यांचे आयुष्य गेले. न पाहिलेल्या ठिकाणाशीही मनुष्याचे जीवन असे जोडलेले असते. न पाहिलेल्या माणसाशी ते पत्राने जोडले जाते.

हीच प्रवरा पुढे नेवाशास जाते. तेथे तिच्या तीरी १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली आणि मराठी ओवीस जे तेज आले ते पुन्हा कधी मावळले नाही. त्यानंतर ३२६ वर्षांनी त्याच ओवीत एका इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्ताचे चरित्र गायिले. हा इंग्रज मनुष्य आपल्या भाषेपर्यंत कसा आला, आणि तिच्याविषयी त्याने आपल्या घरी काय लिहून कळविले, हे आम्ही पुढे सांगणार आहोत. तत्पूर्वी पत्र या वस्तूविषयी थोडे बोलू.

ख्रिस्तसभा पत्रांवर वाढली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. नव्या करारात २७ पुस्तके आहेत, त्यांपैकी २१ पत्रे आहेत. संत पौलाने रोमकरांस आपले सर्वांत मोठे पत्र लिहिले, तेव्हा त्याने रोम शहर पाहिलेले नव्हते. तरीसुद्धा त्या पत्राच्या अखेरीस तो कितीतरी जणांना नावाने सलाम सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावरून पत्र लिहून घेणारा लेखनिक तर्तियस हाही आपला सलाम त्यात हळूच घालतो. संत योहानाच्या तिसऱ्या पत्रात लेखक म्हणतो की, सांगावयाचे पुष्कळ आहे, पण ते शाई-लेखणीने न लिहिता समोरासमोर बोलावे अशी आशा आहे. पत्राचे बळ आणि पत्राची उणीव, दोन्ही त्या वृद्धास ठाऊक होती.

पुढे चौथ्या-पाचव्या शतकांत दोन थोर पुरुषांची पत्रमैत्री झाली. संत जेरोम बेथलेहेमात राहून पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर करीत होता. संत ऑगस्टिन उत्तर आफ्रिकेत हिप्पो येथे महागुरू होता. दोघांची आयुष्यात एकदाही भेट झाली नाही. त्यांच्या पत्रांचा एक विषय भाषांतर हा होता, आणि त्यातील एक प्रकरण मोठे गमतीचे आहे. योना संदेष्टा ज्या झाडाच्या सावलीत बसला, त्यास जुन्या लॅटिन भाषांतरात भोपळ्याचा वेल म्हटले होते. जेरोमने मूळ हिब्रू पाहून तेथे आयव्ही नावाच्या दुसऱ्याच वेलीचे नाव घातले. आज ज्यास त्रिपोली म्हणतात त्या गावच्या चर्चमध्ये हे नवे भाषांतर वाचले गेले, तेव्हा लोकांनी एवढा गोंधळ केला की, तेथील महागुरूंवर कळपावाचून राहण्याची पाळी यावयाची. ही हकीकत ऑगस्टिनने जेरोमला कळविली. जेरोमने आपली बाजू मांडली. मध्यंतरी ऑगस्टिनचे एक पत्र जेरोमच्या हाती पडण्यापूर्वीच इटलीत लोक वाचू लागले, त्यामुळे जेरोमला रागही आला. पण पत्रे थांबली नाहीत, आणि अखेर राग गेला व स्नेह राहिला. यावरून एक धडा घ्यावा. एका शब्दावरून झालेला प्रामाणिक वाद मैत्रीस मारक होत नाही. उलट, दोघांस एकच वस्तू प्रिय आहे याची ती खूण असते.

आता त्या इंग्रज धर्मगुरूकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. १५७५ साली त्यांनी रोम येथे येशूसंघात प्रवेश केला. १५७९ सालच्या एप्रिलात लिस्बन सोडून ते त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. तेथून १० नोव्हेंबर रोजी त्यांनी लंडनमधील आपल्या व्यापारी पित्यास प्रवासाचे सविस्तर वर्णन लिहून धाडिले. ते पत्र पुढे १५८९ साली हॅक्लूट याच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले.

परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पत्र दुसरे आहे. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, गोव्यास येऊन बरोबर ४ वर्षे झाली त्या दिवशी, स्टीफन्स यांनी पॅरिस येथे असलेल्या आपल्या रिचर्ड नावाच्या भावास लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्यात त्यांनी कळविले की, या देशात भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानांस अप्रिय नाहीत, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीशी जुळते. बंधुभगिनींनो, हे वाक्य लहान आहे, पण त्याचे मोल फार मोठे आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच कुळातल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास १७८६ साली सांगितले आणि त्यातून एक नवे शास्त्र उदयास आले. त्याच्या २०० वर्षे आधी एका भावाने दुसऱ्या भावास पत्रातून हीच गोष्ट कळविली होती! त्याच काळात फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा एक व्यापारी कोची व गोवा येथे राहत होता. त्यानेही आपल्या देशी धाडलेल्या पत्रांतून लिहिले की, येथील विद्वानांच्या भाषेतील सहा, सात, आठ, नऊ हे आकडे आणि देव, सर्प असे शब्द आमच्या इटालियन शब्दांसारखे आहेत. सेमिनरीत लॅटिनचे पहिले धडे घेताना सप्त आणि सेप्तेम, अग्नी आणि इग्निस, देव आणि देउस, नव आणि नोवुस या जोड्या भेटतात, तेव्हा दूरच्या गावी आपलेच भाऊबंद निघाल्याचा आनंद होतो. तो आनंद प्रथम ज्यांनी कागदावर उतरविला, त्यांनी तो ग्रंथात नव्हे, तर पत्रात उतरविला, हे ध्यानात ठेवा.

त्या काळी पत्र धाडणे म्हणजे काय दिव्य होते! लिस्बनची गलबते वसंत ऋतूत निघत आणि सारे सुरळीत पार पडले तर पावसाळ्यानंतर गोव्यास लागत. गोव्याची गलबते हिवाळ्यात सुटत. एका पत्राचे उत्तर हाती पडावयास दोन-दोन वर्षे लागत. गलबत बुडण्याचे भय असल्यामुळे येशूसंघाचे लोक एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या गलबतांनी रवाना करीत. असे असूनही ते लिहीत. आज हातातल्या दूरध्वनीवरून क्षणात मजकूर जातो, आणि तरी आपणांस लिहावयास वेळ नसतो!

स्टीफन्स यांनी मराठीची केवळ स्तुती केली नाही, तर ती आत्मसात केली. १६१६ साली राचोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. १६०८ साली त्यांनी रोम येथील आपल्या वरिष्ठांस पत्र लिहून, या देशाच्या भाषेत व लिपीत ग्रंथ छापले जावेत अशी इच्छा कळविली होती. अडचण अशी की, या लिपीच्या जोडाक्षरांसाठी सुमारे ६०० खिळे लागत. ते २०० पर्यंत आणता येतील, असा उपायही त्यांनी सुचविला. ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. पुराण रोमन लिपीत छापावे लागले. १६१९ साली ते निवर्तले. तथापि आपल्या भाषेवर असे प्रेम करणारा परकी मनुष्य विरळाच. तो परका असताना त्याने मराठी आपली केली. आपण जन्माने मराठी असून तिला परकी करीत आहोत काय, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावा.

आता केवळ पत्रांतून झालेल्या मैत्रीचे दुसरे उदाहरण घेऊ. ते आपल्या मंडळीतील नाही, पण ते आपल्या मंडळीने अवश्य लक्षात ठेवावे असे आहे. १८७४ साली बर्न येथे राष्ट्रांचा टपालसंघ स्थापन झाला आणि १८७६ साली हिंदुस्थान त्यात सामील झाला. त्यामुळे सामान्य माणसाचे पत्रही देशोदेशी जाणे सुलभ झाले. १८७८ साली गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुराहून, आपल्या पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत सोय व्हावी म्हणून मिशनऱ्यांस लिहिले. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आला, पण मदत काही मिळाली नाही. कारण हे दांपत्य ख्रिस्ती होण्यास तयार नव्हते. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या सौ. थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता, ते मासिक त्यांच्या हाती आले. त्यांनी मजकूर वाचला, आणि त्या अनोळखी मुलीस पत्र लिहिले. मुलगी १५ वर्षांची होती. तिचे नाव आनंदीबाई.

यानंतर सुमारे ३ वर्षे दोघींची पत्रे चालू राहिली. आनंदीबाईंनी आपल्याकडील चालीरीती आणि बायकांची स्थिती यांविषयी मोकळेपणाने लिहिले. ज्या भाषेत त्या लिहीत, ती त्यांनी कष्टाने कमावलेली होती. सौ. कार्पेंटर यांस त्या मावशी म्हणू लागल्या. पाहा, हे नाते इंग्रजीने दिलेले नाही. ते मराठी घराने दिलेले आहे. १८८३ सालच्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांस उतरवून घ्यावयास ही मावशी हजर होती. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे २१ होते. त्यांची रक्षा अमेरिकेस धाडण्यात आली आणि कार्पेंटर कुटुंबाने ती पकिप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

आम्ही धर्मगुरू आहोत, यास्तव या कथेतील एक गोष्ट आम्ही स्पष्ट बोलू इच्छितो. मदत मागणाऱ्या दांपत्यापुढे ज्यांनी धर्माची अट ठेविली, तेही ख्रिस्ती होते, आणि अट न घालता जिने पत्र लिहिले तीही ख्रिस्ती होती. आनंदीबाईंनी जाण्यापूर्वी जाहीर सांगितले होते की, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. सौ. कार्पेंटर यांनी ते मान्य केले, आणि त्यांच्या स्नेहात तिळभरही उणे आले नाही. या दोहोंपैकी कोणाच्या पत्रात ख्रिस्ताचे हृदय अधिक दिसते, हे आम्ही निराळे सांगावयास नको. स्नेह हे आमिष नव्हे. जेथे अट आली, तेथे व्यवहार आला.

आणि व्यवहाराचा विषय निघाला आहे, म्हणून आता आपल्या घरची गोष्ट बोलू. आपल्या जिल्ह्यातील मिशनांतून परदेशी पत्रे जाण्याची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. दुष्काळात धान्य मिळावे म्हणून, शाळेस छप्पर व्हावे म्हणून, विहीर खणावी म्हणून, जर्मनी, स्वित्झर्लंड व इतर देशांतील दात्यांस पत्रे लिहिली गेली. त्या दात्यांचे आणि त्या लेखकांचे आपण ऋणी आहोत. त्यांतील एकाही पत्राची आपणांस लाज वाटावयास नको. परंतु त्या सवयीने आपल्या मनात एक समजूत घर करून बसली आहे. ती अशी की, समुद्रापलीकडचा मनुष्य म्हणजे देणारा, आणि आपण म्हणजे घेणारे. या महोत्सवी वर्षी ती समजूत आपण काढून टाकावी, हे आमच्या आजच्या बोलण्याचे मुख्य सार आहे.

काही काळामागे एका तरुणाने आम्हांस एक मसुदा दाखविला. त्याची पोलंडातील एका वृद्ध शिक्षकाशी नुकतीच ओळख झाली होती; त्या गृहस्थांस भारतीय भाषांची आवड. आमच्या तरुणाने पहिल्याच पत्रात आपली गरिबी, घराची पडकी भिंत आणि पाऊस न पडल्याची हकीकत लिहिली होती. खोटे त्यात काहीच नव्हते. आम्ही त्यास एवढेच विचारले, “बाळा, त्या गृहस्थांनी तुला भाषेविषयी विचारले आहे. त्याचे उत्तर यात कोठे आहे?” तो विचारात पडला. पुढे त्याने नवे पत्र लिहिले. त्यात आपल्या आजोळची, म्हणजे येथील डोंगरांतली, भातलावणी वर्णिली. राब कसा भाजतात, रोपे कशी काढतात, चिखलाने भरलेल्या खाचरात आवणी कशी चालते आणि भर पावसात डोक्यावर इरले घेऊन बायका कशा वाकून उभ्या असतात, हे सर्व त्याने साध्या इंग्रजीत लिहिले, आणि ज्या शब्दांस इंग्रजी शब्द सापडेना ते मराठीच ठेविले. उत्तर आले ते प्रश्नांनी भरलेले. इरले कशाचे विणतात? राब हा शब्द राबणे यापासून आला की काय? या प्रश्नांची उत्तरे तरुणास ठाऊक नव्हती. तो आजीकडे गेला. आजीला लिहिता-वाचता येत नाही. परंतु त्या दिवशी ती एका परदेशी विद्वानाची गुरू झाली, आणि आमच्या तरुणास तिच्याजवळ किती शब्द आहेत हे पहिल्यानेच कळले.

पत्रमैत्रीचा सर्वांत मोठा लाभ आम्हांस हाच वाटतो. परक्या मित्राचा प्रश्न आपणांस आपल्याच घराकडे परत पाठवितो. याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी जुने देशी बियाणे जतन केले, म्हणून त्यांस २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. बियाणाचे जे, तेच शब्दांचे. पेरला नाही तर तो मरतो. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या घरातील मुलास आजीचे शब्द कळत नाहीत, त्या घरात तो मान कोणी कोठे ठेवावा?

आपल्याच जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण देतो. १९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी एक मराठी मासिक सुरू केले आणि त्यास नाव दिले “निरोप्या”. निरोप घेऊन जाणारा तो निरोप्या. जर्मनीहून आलेल्या माणसाने खेड्यातील शेतकऱ्यांसाठी त्यांच्याच भाषेत मासिक काढावे, आणि त्याने शंभरी ओलांडावी, ही केवढी गोष्ट आहे! १९०७ साली फादर डोरिंग पुण्याचे महागुरू झाले. १९१४ साली ते युरोपात असता महायुद्ध पेटले आणि जर्मन म्हणून त्यांस परतीची वाट बंद झाली. १९२१ साली त्यांची जपानात हिरोशिमा येथे नेमणूक झाली. १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले. राष्ट्राराष्ट्रांत वैर माजले तरी भाषेने बांधलेली माणसे परत येतात, याचे हे आपल्या डोळ्यांपुढील प्रमाण होय. तद्वतच डॉ. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मिशनरी. येथील सेवेतून निवृत्त होऊन ते स्वदेशी गेले, पण मराठी संतांस विसरले नाहीत. १९२६ सालापासून त्यांनी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांची चरित्रे व काव्ये इंग्रजीत आणिली, आणि पुढे भक्तविजयाच्या भाषांतरात पुण्याचे पंडित नरहर गोडबोले त्यांचे सहकारी होते. एकाने मराठीचे धन दिले, दुसऱ्याने इंग्रजीचे. आणि दोघांची नावे एकाच ग्रंथावर आली. घेणारा व देणारा असा भेद तेथे उरला नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, मित्र कोठे शोधावा? इंग्रजी उत्तम येत नसेल तर धीर सोडू नका. मॉरिशस बेटात एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आहेत. तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेतही तिचे अध्यापन होते. त्या बेटावर आपल्या कॅथॉलिक बंधूंची संख्याही मोठी आहे. इस्राएलात कोकणातून गेलेले बेने इस्राएल समाजाचे लोक आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्या पिढीची बोली मराठीच. अशा ठिकाणी आपली भाषाच आपली ओळखपत्रिका होईल. ज्यांस इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन शिकावयाचे आहे, त्यांनी ती भाषा शिकणाऱ्याचा नव्हे, तर ती भाषा बोलून मराठी किंवा भारतीय भाषा शिकू इच्छिणाऱ्याचा शोध करावा. दोघेही विद्यार्थी आणि दोघेही शिक्षक असले म्हणजे मैत्री समतोल राहते.

दुसरी गोष्ट, लिहावे काय? “तुम्ही कसे आहात, मी बरा आहे” एवढ्यावर कोणतीही मैत्री तीन पत्रांपलीकडे टिकत नाही. दोघांनी मिळून एक पुस्तक वाचावे. तुम्ही त्यांच्या भाषेतील एक कथा वाचा, त्यांस भाषांतरातून आपली एखादी कथा किंवा अभंग वाचावयास सुचवा, आणि त्यावर लिहा. म्हणी व कोडी यांची अदलाबदल करा. जेथे भाषांतर अडते, तेथे थांबा. तेथेच खरी गंमत असते. जेरोम आणि ऑगस्टिन यांचा भोपळा विसरू नका. येथे मे महिन्याच्या अखेरीस झाडे काजव्यांनी उजळतात, नवरात्रात कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखरावर लोक देवीच्या दर्शनास चढतात, हिरडा वेचावयास बायका-मुले रानात जातात. हे लिहावयास वाचनालय लागत नाही, डोळे लागतात.

तिसरी गोष्ट, हाताने लिहा. इलेक्ट्रॉनिक पत्रास आमची हरकत नाही. घाईच्या निरोपास ते उत्तम. परंतु महिन्यातून एकदा तरी कागदावर लिहून टपालाने धाडावे. संत फ्रान्सिस झेवियर यांनी पूर्वेकडील बेटांतून आपल्या बांधवांस कळविले होते की, तुमच्या पत्रांवरील तुमच्या हातच्या सह्या कापून घेऊन मी त्या सदैव जवळ बाळगतो. १५४० सालानंतर त्यांची व संत इग्नातियस यांची भेट कधीच झाली नाही. इग्नातियस यांनी १५५३ च्या जूनमध्ये त्यांस परत बोलावणारे पत्र लिहिले, तेव्हा झेवियर यांस सांचियान बेटावर मृत्यू येऊन ६ महिने होऊन गेले होते. ज्यास अक्षर हे माणसाचे अंग वाटते, तोच अशा वियोगात टिकून राहतो.

चौथी गोष्ट सावधगिरीची. आईबापांनी ती विशेष ऐकावी. मैत्रीचे सोंग घेऊन फसविणारे लोक आज पुष्कळ आहेत. गोड बोलून ते सांगतात की, तुमच्यासाठी भेट धाडिली आहे, ती जकातीत अडकली आहे, सोडवावयास पैसे भरा. ज्यास पहिल्या महिन्यात तुमच्या बँकेच्या खात्याचा क्रमांक हवा, किंवा जो तुमच्या मुलीचे छायाचित्र एकांतात मागतो, तो मित्र नव्हे. लहान मुलांनी शाळेच्या किंवा चर्चच्या पत्त्यावर पत्रव्यवहार करावा, आणि पत्र घरात सर्वांसमोर वाचावे. खऱ्या मित्राचे पत्र सर्वांसमोर वाचले तर त्याचे काही कमी होत नाही. आणि त्याच न्यायाने, आपणही मित्राजवळ पैसा, वस्तू किंवा परदेशी जाण्याची सोय मागू नये. तो आपण होऊन काही देऊ लागला तर वडिलांस विचारावे. मागण्याने दार उघडेल, परंतु मन बंद होईल.

बंधुभगिनींनो, धर्मग्रामाच्या या महोत्सवात अनेक संकल्प होतील. आमची एक साधी विनंती आहे. आपल्या प्रत्येक वाडीवस्तीवरील निदान एका तरुणाने अथवा तरुणीने या वर्षी समुद्रापलीकडे एक पत्र लिहावे, ज्यात काहीही मागितलेले नाही. त्यात आपल्या भाषेतील एक शब्द असावा, आणि तो शब्द घरातील सर्वांत वृद्ध माणसास विचारून घेतलेला असावा. वर्षाअखेर ज्यांस उत्तरे येतील त्यांनी ती रविवारच्या मिस्सानंतर आम्हांस दाखवावीत. ज्यांस उत्तर येणार नाही, त्यांनी दुसरे लिहावे.

स्टीफन्स यांनी आपल्या भावास लिहिले तेव्हा येथील भाषांस साक्ष देणारा तो एक परदेशी होता. आज ती साक्ष आपण दिली पाहिजे. ज्या पित्याने सर्व भाषांच्या लोकांस पेंटेकॉस्टच्या दिवशी एकच वार्ता ज्याच्या-त्याच्या बोलीत ऐकविली, तो आपल्या लेखणीस सत्य, नम्रता व गोडी देवो, आणि न पाहिलेल्या बंधूंचे स्मरण आपल्या प्रार्थनेत जागे ठेवो.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वादित करो. आमेन.